विश्लेषण : स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगायचे? कर्जत-खालापूरमध्ये कायदा काय सांगतो?

मुंबई आणि पुण्याच्या मध्ये असलेल्या कर्जत, खालापूर तालुक्यांत फार्महाऊस, रिसॉर्ट आणि जमिनीचे व्यवहार वाढले, तशी सुरक्षेची चिंताही वाढली. गावापासून दूर एकाकी बंगला, हातात रोकड असलेला व्यवसाय, सातबाऱ्यावरून सुरू असलेला वाद... अशा वेळी ‘एखादे लहान पिस्तूल कायम जवळ असावे’ असा विचार अनेकांच्या मनात येतो. मग चर्चा सुरू होते ती कोणते मॉडेल चांगले, हलके कोणते, याची. भारतात मात्र हा प्रश्न सर्वात शेवटी येतो. त्याआधी परवाना मिळेल का, शस्त्र कसे आणि कुठपर्यंत नेता येईल आणि प्रत्यक्ष वापरण्याची वेळ आली तर कायदा पाठीशी उभा राहील का, या प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात.

शस्त्र बाळगणे हा हक्क आहे का?

नाही. ब्रिटिशांच्या १८७८ च्या कायद्याने भारतीयांना नि:शस्त्र केले, याचा राग स्वातंत्र्य चळवळीत होता. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद करण्यात आला होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत मात्र तो मूलभूत हक्कांत आला नाही. सध्या १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात कुणालाही नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये करून दिली. अमेरिकेत चित्र उलट आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेण्यासाठी ‘विशेष कारण’ मागणारा न्यूयॉर्क राज्याचा नियम रद्द केला. भारतात तेच कारण परवान्याचा पाया आहे. त्यामुळे अमेरिकी व्हिडीओ पाहून पिस्तूल निवडण्याचा सल्ला इथे फारसा उपयोगाचा नाही.

पिस्तुलासाठी निकष अधिक कडक का?

शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येच हा फरक आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची साधी बंदूक हवी असेल, तर कायद्याची भूमिका तुलनेने उदार आहे. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल मात्र ‘इतर’ गटात येतात. तिथे अर्जदाराकडे ‘योग्य कारण’ असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जीवित वा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे, हे २०१६ च्या नियमांनुसार दाखवावे लागते.

म्हणजे ‘परिसर निर्जन आहे’ एवढे पुरेसे ठरेलच असे नाही. मिळालेली धमकी, पोलिसांत दिलेली तक्रार, रोकड किंवा दागिन्यांची नियमित ने-आण, अशी ठोस कागदपत्रे महत्त्वाची ठरतात. अभिनेता सलमान खान याला धमकीचे पत्र आल्यानंतर २०२२ मध्ये मुंबई पोलिस आयुक्तांकडून परवाना मिळाला, तो याच निकषावर. दुसरीकडे, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असेही कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. शस्त्र परवाना हे श्रीमंतीचे प्रमाणपत्र नाही.

अर्ज कुठे करायचा?

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर ही पोलिस ठाणी रायगड जिल्हा पोलिस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहेत. त्यामुळे येथील रहिवाशांसाठी परवाना अधिकारी म्हणजे अलिबाग येथील जिल्हा दंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी. शेजारच्या पनवेलसारख्या पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार पोलिस आयुक्तांकडे असतो. फार्महाऊस कर्जतला आणि कायमचे घर मुंबईत असेल, तर साधारणपणे राहत्या पत्त्याच्या ठिकाणी अर्ज करावा लागतो.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा असतो. वयाची २१ वर्षे पूर्ण असणे आवश्यक. ओळख, पत्ता, व्यवसायाचे पुरावे, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. स्थानिक पोलिस ठाणे अर्जदाराची पार्श्वभूमी तपासते. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हावा, अशी नियमांत तरतूद आहे. परवाना नाकारल्यास कोकण विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदणीतील विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसलेला जुना परवाना वैध मानला जात नाही.

कोणते शस्त्र मिळू शकते?

निवडीला वाव कमी आहे. लष्कर आणि पोलिस वापरतात त्या ९ मिमी काडतुसाची पिस्तुले सामान्य नागरिकासाठी ‘प्रतिबंधित’ गटात मोडतात. नागरी वापरात प्रामुख्याने दिसते ते .३२ बोअर. परदेशी पिस्तुलांची सर्वसाधारण आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे पर्याय दोनच : देशात बनलेले नवे शस्त्र किंवा पूर्वी आयात झालेले जुने.

देशी शस्त्रांत कानपूरच्या कारखान्यांचे नाव मोठे आहे. महिलांना डोळ्यासमोर ठेवून २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचे. त्याची किंमत तेव्हाच लाखाच्या वर होती. आयुध निर्माणी मंडळाचे २०२१ मध्ये सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांतील कानपूरच्या ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ने २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ‘अशनी’ हे .३२ बोअरचे देशी पिस्तूलही उपलब्ध आहे.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या चक्रात साधारण सहा काडतुसे असतात. रचना सोपी, अडकण्याची शक्यता कमी. एखादे काडतूस फुटले नाही, तर घोडा पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते. चक्रामुळे मात्र ते जाडसर असते आणि कपड्यांखाली फुगवटा दिसतो. पिस्तूल चपटे असते, त्यामुळे अंगालगत नीट बसते. पण मॅगझिन काढल्यावरही नळीत एक काडतूस राहू शकते, हे नवखा माणूस विसरतो. सरावही अधिक लागतो.

हलके शस्त्र जवळ बाळगायला सोपे असते, पण गोळी सुटताना ते हाताला जास्त झटका देते. म्हणून वजनापेक्षा आपल्या हातात पकड बसते का, बोट घोड्यापर्यंत नीट पोहोचते का, हे आधी पाहावे. जुने शस्त्र घेताना ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच तपासून घ्यावे. घाटमाथ्याखालच्या या पट्ट्यात पावसाळा जोरदार असतो. चामडी म्यानात महिनोन्महिने ठेवलेले शस्त्र ओल धरते आणि गंजते. ते कोरडे करून, तेल लावून ठेवणे हाही निवडीइतकाच महत्त्वाचा भाग.

शस्त्र लपवून न्यायचे की दिसेल असे?

अनेकांना हे नवे वाटेल, पण २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकलेलेच असले पाहिजे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर बांधलेल्या म्यानात अथवा तशा पिशवीत, पूर्णपणे झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असावे लागते. कमरेला दिसेल असे लटकवून हॉटेलात बसणे, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणे किंवा रीलसाठी हातात घेऊन मिरवणे, यातून परवाना रद्द होऊ शकतो.

लग्नसमारंभांसाठी कर्जत-खालापूरची फार्महाऊस प्रसिद्ध आहेत. अशा समारंभात आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

परवाना कुठपर्यंत चालतो?

परवान्यावर त्याचे क्षेत्र लिहिलेले असते. तो जिल्ह्यापुरता असेल, तर कर्जतहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने शेलू सोडून वांगणी गाठले की ठाणे जिल्हा सुरू होतो. खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला पोहोचले की पुणे जिल्हा. रोज ये-जा करणाऱ्यासाठी ही हद्द काही मिनिटांची आहे, पण ती ओलांडताना शस्त्र जवळ असेल तर परवान्याच्या अटीचा भंग होतो. क्षेत्र वाढवून हवे असल्यास तसा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.

परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नाही. मालक मुंबईला गेला आणि शस्त्र फार्महाऊसच्या रखवालदाराकडे ठेवले, तर दोघेही अडचणीत येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. त्यात वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर असल्याचे तपासात पुढे आले आणि अंगरक्षकालाही अटक झाली.

जमिनीच्या वादात शस्त्र कामी येते का?

या पट्ट्यासाठी हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. जिवाला धोका, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण अशा प्रसंगांत समोरच्याचा मृत्यू होण्यापर्यंत हा हक्क जातो. मालमत्तेच्या बाबतीत तो दरोड्यासारखी जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अशा मोजक्या गुन्ह्यांपुरता आहे. शेताचे कुंपण तोडणे, बांध कोरणे, मोजणीला अडथळा आणणे किंवा मोकळ्या जमिनीवर ताबा सांगणे यात जिवाला धोका नसेल, तर गोळी झाडण्याची मुभा कायदा देत नाही. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल, तिथेही हा हक्क मिळत नाही. आणि आवश्यक तेवढाच बळाचा वापर करता येतो.

गोळी झाडणे दूरच, शस्त्र दाखवणेही महागात पडते. मुळशी तालुक्यातील जमिनीच्या वादात शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याच्या आरोपावरून मनोरमा खेडकर यांना जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातीलच महाड तालुक्यातून अटक झाली. घटना वर्षभरापूर्वीची होती, पण तिचा व्हिडीओ समाजमाध्यमांवर आला आणि गुन्हा दाखल झाला. परवाना असणे हा अशा आरोपावर बचाव ठरत नाही.

घरातच धोका वाढतो का?

शस्त्र हल्लेखोरासाठी घेतले जाते, पण त्याच्यासोबत रोज राहतात ते घरातले लोक. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहू येथील घरी, कपाटात ठेवताना त्यांचे परवानाधारक रिव्हॉल्व्हर हातातून निसटले आणि गोळी त्यांच्या पायाला लागली. शस्त्र ठेवण्याआधी काडतुसे काढणे, शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळी कुलूपबंद ठेवणे, ते कुणाकडेही कधीही रोखून न धरणे आणि नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर न ठेवणे, हे नियम कोणत्याही मॉडेलपेक्षा मोलाचे आहेत. घरात लहान मुले, व्यसनी किंवा तीव्र नैराश्यातील व्यक्ती असेल, तर शस्त्र न घेणेच शहाणपणाचे.

शिवाय शस्त्र जवळ असले म्हणजे धोका टळला असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची वांद्रे येथे हत्या झाली, तेव्हा त्यांच्यासोबत पोलिस अंगरक्षक होता. याच प्रकरणातील आरोपींनी कर्जत-खोपोली भागातील जंगलात गोळीबाराचा सराव केल्याचे पोलिस तपासात पुढे आले होते.

नियम मोडल्यास काय?

विनापरवाना शस्त्र, म्हणजे गावठी कट्टाही, बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद होऊ शकते. परवान्याच्या अटी मोडल्यास कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. एका व्यक्तीला आता जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावे लागू शकते. वडिलोपार्जित बंदूकही परवानाधारकाच्या निधनानंतर वारसांनी तशीच घरात ठेवता येत नाही. ती पोलिस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून, हवी असल्यास स्वत:च्या नावाने परवाना मागावा लागतो.

मग आधी काय करावे?

धमकी आली असेल, तर पहिले पाऊल पोलिस ठाण्यातील लेखी तक्रार. पुढे परवान्यासाठी अर्ज करायचा झाला, तरी हाच कागद आधार ठरतो. एकाकी बंगल्यासाठी बाहेरचे दिवे, भक्कम दारे-खिडक्या, कॅमेरे, कामगारांची पोलिस पडताळणी आणि संकटात ११२ क्रमांक, हे उपाय स्वस्त आहेत आणि त्यांना परवाना लागत नाही. जमिनीचा वाद असेल तर तलाठी, भूमी अभिलेख कार्यालय आणि न्यायालय हेच मार्ग आहेत. एवढे करूनही जिवाला खरा आणि दाखवता येईल असा धोका उरत असेल, तरच अलिबागला अर्ज करण्यात अर्थ आहे. कोणते रिव्हॉल्व्हर घ्यायचे, हे त्यानंतर ठरवायचे.