रंग गेला, क्षार उरला

सुती कापडावर कृत्रिम रंग बसावा म्हणून पुष्कळ मीठ घालतात. रंग व मीठ दोन्हीं सांडपाण्यांत उतरतात. पैकीं रंग काढण्यास कोळंबीच्या टरफलांपासून होणाऱ्या कायटोसानाच्या जेलच्या मऊ गोळ्या उपयोगीं पडतात. आम्लयुक्त पाण्यांत गोळ्यांवर धन विद्युद्भार येतो व ऋणभारी रंग त्यांस चिकटतो. मीठ मात्र पाण्यांतच राहतें. तमिळनाडूंत तिरुपूरच्या रंगकारखान्यांच्या खारट पाण्यानें नोय्यल नदीकांठची शेती नासली. शेतकरी न्यायालयांत गेले व २०११ सालीं मद्रास उच्च न्यायालयानें कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. यास्तव पाणी निवळ दिसलें एवढ्यावरून बागायतदारांनीं तें पिकास देऊं नये. आधीं त्यांतील क्षारांची परीक्षा करवून घ्यावी.