पुनरुत्थानकथेची साधनचिकित्सा

येशूच्या पुनरुत्थानाविषयीचा वाद केवळ श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्यातील वाद म्हणून मांडला गेला की मूळ साधने बाजूलाच राहतात. वस्तुतः हा प्रथमतः पाठांचा, त्यांच्या कालक्रमाचा आणि साक्षीच्या स्वरूपाचा प्रश्न आहे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आपला उपदेशच व्यर्थ, असे खुद्द पौलाने मान्य केलेले असल्यामुळे ख्रिस्ती धर्मविचारालाही ही चिकित्सा टाळता येत नाही.

उपलब्ध साधनांपैकी सर्वांत जुने साधन शुभवर्तमान नसून पत्र आहे. इ. स. 53 ते 55 च्या सुमारास लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल दर्शनांची यादी देतो: केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी तो स्वतः. आपल्याला जे मिळाले तेच आपण सोपवले, ही त्याची शब्दयोजना परंपरेच्या हस्तांतरणाची आहे. अर्थात यादीचा गाभा पत्राहून जुना ठरतो. येशूच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच तो रूढ झाला असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. दंतकथा घडण्यास पुरेसा काळच नव्हता, हा समर्थकांचा युक्तिवाद म्हणूनच सहज उडवून लावण्याजोगा नाही. तथापि या यादीत रिकाम्या कबरीचा उल्लेख नाही, स्त्रियांचाही नाही.

कबरीची कथा प्रथम येते ती मार्ककृत शुभवर्तमानात. तिचा शेवट पाठचिकित्सेच्या दृष्टीने विलक्षण आहे. चौथ्या शतकातील सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस या हस्तलिखितांत ती सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीशी, क्षमस्व वाटावा असा शब्द टाळून म्हणायचे तर आठव्या वचनाशी, थांबते: स्त्रिया भयाने पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. पुढील बारा वचने उत्तरकालीन भर होत. (ज्ञानेश्वरीच्या पाठचर्चेशी परिचित असलेल्या वाचकाला अशा भरीचे नवल वाटू नये.) स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे यहुदी इतिहासकार जोसीफस नमूद करतो, तेव्हा कथा रचणाऱ्याने स्त्रियांना पहिल्या साक्षीदार का केले असते, असा प्रश्न समर्थक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण स्त्रियांचे मौन हे कथा उशिरा प्रकट झाल्याचे स्पष्टीकरणही असू शकते.

ह्यूमने 1748 मध्ये चमत्काराच्या साक्षीविरुद्ध मांडलेला युक्तिवाद साधने वाचण्यापूर्वीच निकाल देतो, ही त्याची मर्यादा. उलट, एन. टी. राइट यांच्या 2003 मधील बृहद्ग्रंथात अनुयायांच्या दृढ विश्वासावरून प्रत्यक्ष घटनेकडे घेतलेली झेप साधनांच्या आवाक्याबाहेरची वाटते.

याकोबाचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहान सांगतो. पुढे हाच भाऊ यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला आणि इ. स. 62 च्या सुमारास त्याला दगडमाराची शिक्षा झाल्याचे जोसीफस लिहितो. मधल्या परिवर्तनाचे कारण म्हणून पौलाच्या यादीत एक नाव तेवढे आहे. त्या दर्शनाची कथा चारही शुभवर्तमानांत कोठेच नाही.