दोन कार्बोरेटर कानाने नाही, मापाने जुळवा



"सर, परतूरमध्ये दोन सिलेंडरच्या गाड्या आहेतच किती? हे शिकून पोट भरेल का?" गॅरेज टाकायच्या तयारीतली पोरं मला हे हमखास विचारतात. प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे स्प्लेंडर, शाईन, पल्सर. एक सिलेंडर, एक कार्बोरेटर. आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं.

तरी आज यावर लिहितोय, कारण याच कामात माझे पैसे गेले होते आणि इज्जतही जाता जाता राहिली.

माझी चूक

जालन्याहून एक ग्राहक जुनी घेतलेली कावासाकी निन्जा 250आर घेऊन आला. ही 249 सीसीची दोन सिलेंडरची गाडी. बजाजने 2009 मध्ये ती भारतात आणली आणि तिला दोन कार्बोरेटर होते. 2013 मध्ये तिच्या जागी निन्जा 300 आली, ती इंजेक्शनची.

तक्रार काय? आयडलिंगला गाडी थरथरते, रेस दिली की आधी अडखळते, मग एकदम उचलते. मी कान लावला, स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे. आवाज गोड वाटला. 500 रुपये घेतले. चौथ्या दिवशी ग्राहक दारात. गाडी पहिल्यापेक्षा वाईट! पैसे परत केले आणि गाडी ठेवून घेतली.

मग नीट उघडून पाहिलं. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरी बूटला चीर होती. तिथून जादा हवा आत जात होती आणि मी त्या चिरेवर ट्यूनिंग करत बसलो होतो.

जुळवायचं म्हणजे नेमकं काय?

चार स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलेंडर आपापल्या कार्बोरेटरमधून हवा ओढतो. आत एक गोल झडप असते, बटरफ्लाय. दोन्ही झडपा सारख्या उघडल्या तर दोन्ही सिलेंडर सारखं काम करतात. एक केसभर जास्त उघडी राहिली तर एक सिलेंडर ओढतो आणि दुसरा त्याच्यामागे फरफटतो. बैलजोडीतला एक बैल पुढे आणि एक मागे असला की नांगर कसा चालतो, ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

आता लक्षात ठेवायची गोष्ट: ज्या बाजूची झडप जास्त बंद, त्या बाजूला व्हॅक्यूम जास्त. म्हणून आपण व्हॅक्यूम मोजतो. कानाला हा फरक नीट कळत नाही.

कामाचा क्रम

1. आधी एअर फिल्टर, प्लग आणि टॅपेट क्लिअरन्स तपासा. काही इंजिनांत शिम बदलावे लागतात, तो खर्च ग्राहकाला आधीच सांगा.
2. रबरी बूट हाताने वाकवून उजेडात बघा. चीर दिसली तर बदला. कार्बोरेटर साफ करा.
3. इंजिन पूर्ण गरम करा. जागा मोकळी हवी, समोर पंखा हवा. टाकी काढावी लागते, म्हणून पेट्रोल वेगळ्या बाटलीतून द्या.
4. दोन्ही व्हॅक्यूम नळ्यांना गेज लावा. केबल ज्या कार्बोरेटरवर आहे तो आधार धरा आणि मधल्या स्क्रूने दुसरा त्याच्या बरोबरीला आणा.
5. रेस देऊन सोडा, पुन्हा बघा. शेवटी आयडलिंग लावा. निन्जा 250आरला 1300 आरपीएमच्या आसपास.

कावासाकीच्या हिशेबाने दोन्हींतला फरक पाऱ्याच्या 2 सेंमीपेक्षा जास्त नको.

राजदूत आरडी 350 आली तर पद्धत वेगळी. ती टू स्ट्रोक. तिथे दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बघून केबल लावायची. त्याच केबलची एक शाखा ऑइल पंपाला जाते. स्लाइड जुळल्या आणि पंपाची खूण चुकली तर ऑइल कमी पडून इंजिन जाम होऊ शकतं. म्हणून केबलला हात लावला की पंप तपासायचाच.

महागडा गेज लगेच घेऊ नका

एक लाकडी फळी, पाच-सहा मीटर पारदर्शक नळी आणि थोडं टू स्ट्रोक ऑइल. नळी फळीवर इंग्रजी यू सारखी बसवा, उभ्या बाजू दीड मीटर तरी ठेवा. दोन टोकं दोन व्हॅक्यूम नळ्यांना. ज्या बाजूला ऑइल चढेल, त्या बाजूची झडप जास्त बंद. ऑइल उड्या मारत असेल तर दोन्ही नळ्यांत एकेक जुना जेट अडकवा.

पाऱ्यातले 2 सेंमी म्हणजे ऑइलमध्ये साधारण 30 सेंमी. म्हणजे ही नळी फरक चांगलाच मोठा करून दाखवते. धोका एकच: फरक फार असेल तर ऑइल इंजिनात ओढलं जातं. चढायला लागलं की लगेच इंजिन बंद. पारा मात्र वापरू नका, तो विषारी आहे.

आता हिशेब

बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण गल्ल्यावर बसल्यावर विसरलो. समजा भाडं, लाइट बिल, हेल्परचा पगार आणि तुमचा स्वतःचा पगार धरून महिना 45,000 खर्च. 26 दिवस, रोज 8 तास, झाले 208 तास. पण बिल होतं साधारण 125 तासांचंच. बाकी वेळ चहा, गप्पा, पार्ट आणायला जालन्याला चक्कर. म्हणजे तासाचा खर्च 360 रुपये. हे काम 4 तासांचं, म्हणजे 1,440 रुपये नफ्याच्या आधीच गेले. आणि मी घेतले होते 500! ते परत केले नसते तरी तोटाच होता.

आता मी आधी तपासणीचे पैसे वेगळे घेतो, मग कामाचा दर सांगतो. काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा फोटो ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवतो. ऑइलची पातळी डोळ्यांनी दिसली की घासाघीस कमी होते. तो निन्जावाला नवे बूट बसवल्यावर पूर्ण दर देऊन गेला आणि पुढे दोन मित्रांच्या गाड्या घेऊन आला.

मग हे शिकावं का?

फक्त याच्यावर दुकान चालणार नाही, हे स्पष्ट सांगतो. रोजची भाकरी सर्व्हिसिंग आणि ऑइल बदलण्यावरच. पण निन्जा 300 सारख्या इंजेक्शनच्या गाड्यांतही दोन थ्रॉटल बॉडी असतात, त्याही व्हॅक्यूम मोजूनच जुळवतात. म्हणजे हात बसला तर तो पुढेही कामाला येतो.

आणि एक सिलेंडरवाल्यालाही सवय तीच लागते: आधी तपासा, मग मोजा, मग स्क्रूला हात लावा. दुकानाचंही तसंच. दर ठरवायच्या आधी तासाचा खर्च मोजा.

आज रात्री दुकान बंद केल्यावर एक वही घ्या आणि तुमचा तासाचा खर्च काढा. नळी बनवायची कृती व्हिडिओत दाखवलीच आहे. भेटू पुढच्या भागात!