फ्लॅनन बेटावरचे दीपगृह : गोष्ट आणि नोंद

समुद्रातल्या एका लहानशा बेटावर फक्त तीन माणसं राहतात आणि एक दिवस तिघंही दिसेनाशी होतात. ही गोष्ट खरी आहे. पण तिला नंतर बरंच तिखटमीठ लागलं. आज आपण खरं कोणतं आणि लावलेलं कोणतं, ते पाहू.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन नावाची छोटी बेटं आहेत. त्यातल्या आयलन मोर या बेटावर डिसेंबर 1899 मध्ये दीपगृह सुरू झालं. रक्षकांचं काम एकच, रोज रात्री दिवा पेटता ठेवायचा. डिसेंबर 1900 मध्ये तिथे जेम्स डुकाट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर हे तिघे होते. मॅकआर्थर तर आजारी रक्षकाच्या जागी बदलीवर आलेला!

खराब हवेमुळे बदलीचं जहाज उशिरा, 26 डिसेंबरला पोहोचलं. जोसेफ मूर हा रक्षक वर गेला. घड्याळ बंद, चूल थंड, माणूस कोणी नाही. दिवा मात्र स्वच्छ पुसून, तेल भरून तयार होता. पाटीवर शेवटची नोंद होती 15 डिसेंबर, सकाळी 9 ची. म्हणजे त्या दिवशी सकाळपर्यंत सगळं ठीक होतं.

मग झालं काय? अधिकारी रॉबर्ट म्युरहेड यांनी तपास केला. पश्चिमेच्या धक्क्यावरचे लोखंडी कठडे वाकले होते. समुद्रापासून सुमारे 33 मीटर उंचीवर ठेवलेली दोरांची पेटीही फुटली होती. विचार करा, लाट किती वर आली असेल! पेटी सांभाळायला गेलेल्या तिघांना अचानक आलेल्या मोठ्या लाटेने ओढून नेलं असावं, असा त्यांचा निष्कर्ष. मॅकआर्थरचा पावसाळी कोट घरातच होता, म्हणजे तो घाईत बाहेर पडला असावा.

आता तिखटमीठ. टेबलावर न खाल्लेलं जेवण आणि उलटी पडलेली खुर्ची, असं आजही सांगतात. हे आलं विल्फ्रिड गिब्सन यांच्या 1912 च्या कवितेतून. म्युरहेड यांच्या अहवालात तर स्वयंपाकाची भांडी घासून ठेवलेली होती!

1971 मध्ये हे दीपगृह स्वयंचलित झालं. आता तिथे रक्षक राहत नाहीत, दिवा मात्र लागतो.

कवितेत कल्पना असणारच, त्यात चूक नाही. पण ती तीन माणसं खरी होती, त्यांना घरदार होतं. म्हणून त्यांच्याबद्दल बोलताना आधी नोंद पाहायची.

करून पाहा : तुमच्या गावातली एखादी गूढ गोष्ट घ्या. स्वतः कोणी पाहिलं, कोणी नुसतं ऐकलं आणि कुठे लिहून ठेवलंय, असे तीन रकाने वहीत भरा. कोणता रकाना रिकामा राहिला?