वारीची पडशी

मंडळी, ज्येष्ठ महिना लागला की आपल्याकडे वारीची गडबड सुरू होते. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते. निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानोबांचे थोरले भाऊ आणि गुरू. ही पालखी नाशिक, सिन्नर करीत आपल्या जिल्ह्यात येते. मग राहुरी, नगर, मिरजगाव असे टप्पे घेत करमाळ्यावरून पंढरपूरला जाते. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण बोलताना अजून पुष्कळ जण नगरच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहितो.

त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर ही वाट तीन आठवड्यांहून जास्त दिवसांची आहे. कोणी पहिल्यापासून चालतो, कोणी वाटेत मिळतो. चालायचे मात्र सर्वांनाच आहे. मग प्रश्न येतो, बरोबर काय घ्यावे?

घरात काय होते ते पाहा. सून म्हणते, "आत्याबाई, आणखी एक लुगडं असू द्या. पावसात भिजलात तर?" मुलगा म्हणतो, "बाबा, ही जाड चादर घ्या. थंडी वाजली तर?" शेजारीण चिवड्याचा डबा आणून देते. "वाटेत भूक लागली तर?" सगळे मायेने बोलतात. पण प्रत्येक 'तर' मागे पडशी फुगत जाते. निघताना ती दहा-बारा किलोची होते. देणारे घरी राहतात. ओझे वाहतो तो चालणारा.

आता थोडा हिशेब करू. दिवसाला साधारण २० किलोमीटर चालायचे आहे असे धरा. एका पावलाला अर्धा मीटर अंतर कापले जाते. १ किलोमीटर म्हणजे १,००० मीटर, म्हणजे २,००० पावले. तर २० किलोमीटरांची झाली ४०,००० पावले. पडशीत एक किलो जादा असेल, तर ते किलो त्या दिवशी ४०,००० पावले वाहायचे. तेही आपल्याच खांद्याने, कमरेने आणि गुडघ्यांनी.

पहिल्या दिवशी काही कळत नाही. अंगात उत्साह असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खांदा भरून येतो. मग माणूस एका अंगाला झुकून चालतो. एका पायावर जास्त भार पडतो, पायाला फोड येतात, गुडघा सुजतो. चाल मंदावते, दिंडी पुढे जाते. वर्षभर ज्या वाटेची वाट पाहिली, ती मध्येच सोडून एस.टी.ने घरी परतावे लागते. पंढरी दूर राहते ती पुष्कळदा पायांमुळे नव्हे, तर पाठीवरच्या ओझ्यामुळे.

मग ओझे किती असावे? एक सोपे माप सांगतो. आपल्या अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा. तुमचे वजन ५० किलो असेल, तर पडशी ५ किलोची. म्हाताऱ्या माणसाने त्याहूनही कमी घ्यावे. पाणी यातच मोजा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन.

कोणी म्हणेल, "आमच्या दिंडीला ट्रक आहे. वजनाची काय चिंता?" ट्रक असला तर चांगलेच आहे. शिधा, भांडी, राहुट्या, वळकट्या ट्रकमधूनच जातात. पण समजा, दिंडीत १०० माणसे आहेत. प्रत्येकाने ५ किलो जादा सामान टाकले, तर झाले ५ क्विंटल. ते रोज सकाळी चढवायचे आणि संध्याकाळी उतरवायचे. कोणी? आपल्यातल्याच चार जणांनी. शिवाय उतरवलेल्या ढिगातून अंधारात आपले बोचके शोधायचे, ते वेगळेच. ट्रकवर टाकले म्हणून ओझे नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या खांद्यावर जाते.

थोर माणसांनी कसा प्रवास केला पाहा. १९३० साली महात्मा गांधी मिठाचा कायदा मोडायला साबरमतीहून दांडीला पायी गेले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. बरोबर निवडलेले ७८ सत्याग्रही होते. वाट सुमारे ३८५ किलोमीटरांची आणि दिवस चोवीस. प्रत्येकाजवळ एक पिशवी होती. तिच्यात अंथरूण, कपड्यांचा एक जोड, सूत कातायची टकळी, रोजनिशी आणि पाणी प्यायचे भांडे, एवढेच सामान. तेवढ्यावर त्यांनी एका मोठ्या सरकारला आव्हान दिले.

गाडगेबाबा तर आपलेच. त्यांच्याजवळ एक गाडगे आणि एक खराटा असे. त्याच गाडग्यात ते जेवत, पाणी पीत आणि कधी तेच डोक्यावर घालीत. एका वस्तूकडून अनेक कामे घेणे, हीच हलक्या प्रवासाची मोठी युक्ती. वारकऱ्यांनाही ती ठाऊक आहे. प्लॅस्टिकचा मोठा कागद दिवसा पावसात डोक्यावर घेतात आणि रात्री ओल्या जमिनीवर अंथरतात. पंचा अंग पुसायला होतो, उन्हात डोक्याला बांधायला होतो आणि घडी करून उशाशीही घेता येतो.

आपल्या वाटेवरचे हवामानही ध्यानात घ्या. अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या बाजूला, आषाढात पाऊस धो धो कोसळतो. तिकडच्या माणसाला वाटते, सगळीकडे असेच असेल. पण राहुरी, नगर, कर्जत हा भाग पर्जन्यछायेचा. तेथे एखादी सर येते आणि पुन्हा ऊन पडते. म्हणून जाड कपड्यांपेक्षा पातळ कपडे बरे. पातळ कपडा लवकर वाळतो, जाड भिजला की दुप्पट जड होतो. एक जोड अंगावर, एक वाळत आणि एक कोरडा पडशीत. एवढे पुरे.

आता पडशी कशी भरायची ते सांगतो. निघायच्या आठ दिवस आधी घोंगडीवर सगळे सामान मांडा आणि त्याचे तीन वाटे करा.

पहिला वाटा, जे रोज लागते त्याचा. कपडे, पंचा, तांब्या, प्लॅस्टिकचा कागद, पांघरूण. हे घ्यायचे.

दुसरा वाटा, जे कधीमधी लागते त्याचा. सुई-दोरा, कात्री, बॅटरी, दुखण्यावरचा मलम. हे चौघांनी मिळून घ्यायचे. एकाने कात्री घ्यावी, दुसऱ्याने बॅटरी. चार कात्र्या काय करायच्या?

तिसरा वाटा 'लागलं तर' चा. हा घरीच ठेवायचा. साबण, बिस्किटे, दोरी ही वाटेतल्या बाजारात मिळतात. जे रस्त्यावर विकत मिळते, ते घरून वाहायचे नाही.

पण रस्त्यावर जे मिळत नाही, ते विसरायचेही नाही. आपला चष्मा आणि आपली औषधे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी मोजा. समजा, तुम्ही २० दिवस घराबाहेर आहात आणि रोज २ गोळ्या घेता. तर ४० गोळ्या लागतील. उशीर झाला तर म्हणून आणखी ४ दिवसांच्या ८ घ्या. एकूण ४८. हा एकच 'तर' पडशीत घ्यायचा, कारण त्याला वजन नाही आणि तो जीव राखतो. गोळ्या ट्रकमध्ये टाकू नका, अंगाजवळ ठेवा. पाळी येणाऱ्या बायांनीही पॅड किंवा स्वच्छ सुती कापड जवळच ठेवावे. त्यात संकोच कसला?

चपला नव्या घेऊ नका. घ्यायच्याच तर महिनाभर आधी घ्या आणि पायात रुळवा.

पडशीचे दोन खण सारखे भरा. एक खण पुढे येतो, एक पाठीवर. दोन्ही समान असले की माणूस सरळ चालतो. भरलेली पडशी दुकानदाराच्या काट्यावर ठेवून पाहा. मग ती खांद्यावर घेऊन तासभर शिवारात चालून या. परत आल्यावर पडशी पुन्हा उघडा. आता काय काढायचे ते तुमचा खांदाच सांगेल.

शेवटची वस्तू सर्वांत हलकी आहे. ती म्हणजे एक चिठ्ठी. गर्दीत माणूस चुकतो. मोबाईल बंद पडतो आणि घरचा नंबर पाठ नसतो. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. आपले नाव, गाव, तालुका, दिंडीचे नाव, घरचा फोन नंबर, आपला आजार आणि गोळीचे नाव. गोळीचे नाव पाकिटावरून बघून उतरवा. चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवा. पूर्वी अशी चिठ्ठी दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागे. आता तुम्हाला अक्षर येते. ती स्वतःच्या हाताने लिहा.

वारीला जायचे नसेल तरी हे उपयोगी पडेल. सुट्टीत मुंबईला लेकीकडे जा, नाहीतर जेजुरीला देवाला जा. तीन वाटे करायचे आणि तिसरा घरी ठेवायचा.

आज रात्री एक काम करा. कागदावर आपल्या सामानाची यादी लिहा. मग ती घरात मोठ्याने वाचून दाखवा. ज्या वस्तूपुढे कोणी "लागलं तर?" म्हणेल, तिच्यावर काट मारा. गोळ्या, चष्मा आणि चिठ्ठी यांवर मात्र काट मारू नका.