समुद्रावरचे दिवे आणि धुक्यातला भोंगा

रात्री बोटीवर दिवे कशासाठी लावतात, असे विचारले तर बहुतेक मंडळी सांगतील की वाट दिसावी म्हणून. मोटारीच्या दिव्यांची सवय झाल्यामुळे आपल्याला तसे वाटते. जहाजाचे हे दिवे मात्र दुसऱ्याने पाहावयाचे असतात. ‘येथे जहाज आहे’ एवढ्यावर त्यांचे काम भागत नाही; त्या जहाजाचे तोंड कोणीकडे आहे हेही पाहणाऱ्यास कळावे लागते.

नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिले की डाव्या अंगाला तांबडा दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा. प्रत्येक दिवा अगदी समोरपासून आपापल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो. पलीकडून तो दिसू नये म्हणून त्याला आडोसा केलेला असतो, आणि सारी खुबी या आडोशातच आहे. डोलकाठीवरचा पांढरा दिवा पुढून २२५ अंशांत दिसतो, तर मागच्या टोकाचा पांढरा दिवा उरलेल्या १३५ अंशांत. म्हणजे वर्तुळ पुरे झाले. आता समोर तांबडा आणि हिरवा दोन्ही दिसले तर ते जहाज सरळ आपल्यावर येत आहे. यांत्रिक जहाजे असतील तर दोघांनीही उजवीकडे वळावयाचे. आपल्या उजव्या हाताला तांबडा दिसला आणि वाटा एकमेकींना छेदणार असतील, तर बाजूला होण्याची जबाबदारी आपली. मासेमारीच्या बोटींची खूण निराळी : जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरवर वर हिरवा, खाली पांढरा, इतर मासेमारीत वर तांबडा, खाली पांढरा. मालवणच्या तांडेलाला आणि नॉर्वेच्या कप्तानाला ही भाषा सारखीच वाचता येते, याचे मला मोठे कौतुक वाटते.

धुके पडले की ही भाषा मुकी होते. मग कानांवर भिस्त. चालत्या यांत्रिक जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांनी एकेक लांब भोंगा, म्हणजे चार ते सहा सेकंदांचा, द्यावयाचा. ते पाण्यावर नुसते थांबले असेल तर दोन लांब. शिडाचे जहाज किंवा मासेमारीत गुंतलेली बोट एक लांब आणि दोन आखूड देते. नांगरलेले जहाज दर मिनिटाला सुमारे पाच सेकंद घंटा बडवते. म्हणजे समोर कोण आहे ते कळले; पण कोठे आहे आणि कोणीकडे चालले आहे ते भोंगा सांगत नाही. दिव्याने सांगितलेली नेमकी तीच गोष्ट येथे हरवते.

त्याची किंमत २५ जुलै १९५६ च्या रात्री नँटकेटजवळ मोजावी लागली. इटलीची ‘आंद्रेआ डोरिआ’ न्यूयॉर्ककडे येत होती, स्वीडनची ‘स्टॉकहोम’ तेथून निघाली होती. डोरिआ धुक्यात भोंगा वाजवीत, तरीही सुमारे २२ सागरी मैलांच्या वेगाने चालली होती. स्टॉकहोमचा भोंगा मात्र बंद होता, कारण आपण धुक्यात आहोत असे तिच्या अधिकाऱ्याला वाटतच नव्हते. रडार दोघींकडे होते. दोघी मिळून तासाला ४० मैलांनी जवळ येत होत्या, म्हणजे दोन मैल संपावयास तीन मिनिटे! स्टॉकहोमच्या अधिकाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे त्याला डोरिआचा तांबडा दिवा दिसला, म्हणून त्याने उजवीकडे वळण घेतले. डोरिआ मात्र डावीकडे वळली, आणि तांबड्याच्या जागी हिरवा दिसू लागला. दिवे खोटे बोलले नाहीत. ते फार उशिरा दिसले. ५१ माणसे गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोरिआ बुडाली. पुढे दावे तडजोडीने मिटल्यामुळे दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरविलेच नाही.

१९७२ मध्ये ठरलेली आणि १९७७ पासून लागू असलेली आंतरराष्ट्रीय नियमावली भोंगा ‘धुक्यात किंवा धुक्याजवळ’ वाजवावयास सांगते. त्यातला ‘जवळ’ हा शब्द फार मोलाचा आहे. पुढच्या अंगाला केवळ रडारवर दिसणाऱ्या जहाजासाठी, आपण त्याला मागे टाकीत नसू तर, डावीकडे वळणे शक्यतो टाळावे असेही ती सांगते. आणि पुढून भोंगा कानी आला, पण टकरीचा धोका नाही अशी खात्री नसली, तर जहाज दिशेवर राहील इतपतच वेग ठेवावा, जरूर पडल्यास थांबावे.