पंगतीत एक पातेलं वेगळं

बीड जिल्ह्यातल्या श्रीक्षेत्र नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही, ते गडावर माथा टेकतात. त्या दिवशीचा फराळ म्हणजे आचाऱ्याची परीक्षाच. फोडणीत हळद-मोहरी नाही, हिंग नाही, कांदा-लसणाचा तर वासही नको. कुणाला साधं मीठ चालतं, कुणाला सैंधवच लागतं. कोथिंबिरीवरून दोन गावांचं एकमत होत नाही. तरीही उपवासाचं आणि बिनउपवासाचं सरमिसळ होत नाही. डाव वेगळे, पातेली वेगळी. पथ्याचा स्वयंपाक हजारोंसाठी करणं आपल्याला येत नाही असं कुणी म्हणू नये. पिढ्यान्‌पिढ्या आपण तेच करत आलो आहोत.

फक्त हे पथ्य देवाचं असतं. डॉक्टरनं सांगितलेलं पथ्य मात्र पंगतीत बसलं की ‘एक दिवसानं काय होतंय’ म्हणून उडवलं जातं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या ८.९ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. म्हणजे शंभरांच्या पंगतीत आठ-नऊ जण. त्यांच्या पानात एकादशीला काय पडतं? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या गोड चकत्या. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला जवळपास निव्वळ स्टार्च. रक्तातली साखर झपाट्यानं वाढवणारा. उलटं संकटही आहेच. सकाळी गोळी किंवा इन्शुलिन घ्यायचं आणि दर्शनाच्या रांगेत दुपारपर्यंत उपाशी उभं राहायचं. मग घाम फुटतो, हातपाय थरथरतात. अशा वेळी मात्र साखरच तोंडात घालावी लागते.

यावर उपाय महागडा नाही. खिचडीऐवजी थोडी भगर आणि सोबत भरपूर दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, बिनसाखरेचं ताक. भगरीत साबुदाण्यापेक्षा तंतू जास्त असतात. पण तीही पिष्टमयच, तेव्हा डोंगर वाढायचा नाही.

भगरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, कोष्टवाडीला, एकादशीच्या प्रसादातून दोन हजारांच्या आसपास लोकांना विषबाधा झाली. पानात भगर-आमटीच होती. दमट हवेत भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि विषारी द्रव्यं तयार करते. म्हणून अन्न व औषध प्रशासन सांगतं : सुटी भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघा, पीठ लागेल तेवढंच दळा. सप्ताहासाठी पोत्यानं खरेदी करणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

बिनउपवासाच्या दिवशी गोष्ट सोपी आहे, आणि तिचं श्रेय आपल्या जमिनीला. गडाचा नारळी सप्ताह गावोगाव फिरतो. आपल्याकडच्या सप्ताहात घरोघरच्या भाकरी गोळा करून कढईतल्या आमटीबरोबर वाढायची रीत जुनीच. ज्यांना गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही, त्यांच्यासाठी शहरातली दुकानं चढ्या भावानं वेगळं पीठ विकतात. इथं ज्वारी-बाजरी आपसूक ताटात येते. गफलत होते ती बारीकसारीक ठिकाणी. पोळ्यांच्याच परातीत भाकरीचं पीठ मळलं जातं. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ वा मैदा असतो, तो आमटीत उतरतो. आचाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि विचारायचं कुणाला सुचत नाही.

रक्तदाबवाल्यांसाठी आमटीत मीठ बेताचं घालून वरचं मीठ पानात वाढावं. सैंधव ‘चालतं’ ही समजूत चुकीची, तेही सोडियमच. किडनीच्या रुग्णाला तर ‘कमी सोडियमचं’ मीठ अजिबात देऊ नये, त्यात पोटॅशियम असतं. बटाटा, केळं, शहाळं हा उपवासाचा आवडता मेवाही त्याला जपूनच. दाण्याचं कूट कशाकशात आहे, हे वाढप्यानं न विचारता सांगावं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला एकादशीच्या पानात बिनधोक असं फार थोडं उरतं.

रेल्वेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आयआरसीटीसीला मधुमेहींसाठी आणि लहान बाळांसाठी वेगळे पदार्थ ठेवायची मोकळीक दिली. धावत्या गाडीच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात जे करायचं ठरतं, ते चुलवणावर अवघड नाही.

पुढच्या सप्ताहाचा नारळ घेतलेल्या गावाच्या बैठकीत मंडप, कीर्तनकार, किराणा यांची यादी होतेच. त्याच यादीत तीन ओळी वाढवाव्यात : साखरेविना एक पातेलं, मीठ वेगळं, आणि पंगत बसण्याआधी लाऊडस्पीकरवरून सूचना : ‘पथ्याचं जेवणाऱ्यांनी अमुक बाजूला बसावं.’ आणि पथ्यकरी मंडळींनो, ती सूचना ऐकली की लाजू नका. उठून त्या बाजूला बसा.